पोटावरची पिशवी आणि चुकलेली मापं

ब्लाऊजच्या मुंढ्यात दोन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक पडला तर बाई दुसऱ्या दिवशी दारात उभी राहते, हे मला सतरा वर्षांत पाठ झालंय. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी शिवणकाम करते. मोठं आतडं काढल्यावर शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागते, ती एका चिकटणाऱ्या चकतीवर बसते. तरीही स्वतःच्या पोटावरच्या त्या चकतीचं भोक मी तीन आठवडे चुकीच्या मापानं कापत होते. आणि दिवसाला काय नि किती प्यायचं, त्याचंही माप चुकलेलं होतं. ऑपरेशन एका रात्रीत झालं. मला खरं दमवलं ते या दोन मापांनी, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहिणार आहे. औषधांची नावं माझ्या चिठ्ठीतली आहेत. तुमची तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आजाराचं थोडक्यात सांगते. २०१७ च्या उन्हाळ्यात शौचातून रक्त जायला लागलं. मूळव्याध समजून दीड वर्ष गावठी औषधात काढलं. लाज हे त्याचं अर्धं कारण. जानेवारी २०१९ मध्ये बेळगावात कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, झाली आणि नाव कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. कुणाचा लागत नाही, तिखटानं होत नाही. शरीराची राखण करणारी यंत्रणाच आतड्यावर उलटते. मेसालामाइन, मधूनमधून प्रेडनिसोलोन, पुढे अझाथायोप्रिन. कधी सहा महिने बरे जायचे, कधी सहा आठवडेही नाही.

२०२३ साली अधिक श्रावण होता. दोन श्रावण पाऊस आणि दोन श्रावण माझं पोट. नागपंचमीपर्यंत दिवसाला चौदा-पंधरा वेळा जावं लागत होतं, नुसतं रक्त आणि शेंब. २३ ऑगस्टला बेळगावच्या एका दवाखान्यात ॲडमिट झाले तेव्हा हिमोग्लोबिन ६.८ होतं. शिरेतून स्टिरॉइड सुरू केलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगून ठेवलं की आता फरक दिसायला हवा, नाहीतर दोनच वाटा उरतात: महागडी इंजेक्शनं किंवा ऑपरेशन. फरक पडला नाही. इंजेक्शनाबद्दल बोलणं चालू असतानाच पोट फुगायला लागलं आणि एक्स-रेमध्ये आतडं ताणलेलं दिसलं. सर्जन म्हणाले, "आतडं ओल्या टीपकागदासारखं झालंय, थांबलो तर फाटेल." २९ ऑगस्टला, राखी पौर्णिमेच्या आदल्या रात्री, मोठं आतडं काढलं. गुदाशयाचा, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा, तुकडा तसाच ठेवला. लहान आतड्याचं टोक उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली, पोटातून बाहेर काढून शिवलं. यालाच इलिओस्टोमी म्हणतात आणि त्या बाहेर आलेल्या लाल तोंडाला स्टोमा.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी नर्सनं आरसा दिला. गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओला, टोमॅटोएवढा. हात लावला तर दुखत नाही, कारण त्याला दुखण्याच्या नसाच नसतात. पुसताना थेंबभर रक्त आलं तर घाबरायचं नाही. रंग जांभळा-काळा पडला तर मात्र ताबडतोब कळवायचं. एवढं तिनं नीट शिकवलं.

आता कागदपत्रं. आमचं बीपीएल रेशनकार्ड आहे, म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार. एरवी आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. माझं इमर्जन्सी असल्यामुळे लागलं नाही. अडलं ते नावावर. आधारवर माहेरचं आडनाव आणि रेशनकार्डावर सासरचं, तेही कानडीत लिहिताना एक अक्षर बदललेलं. मी आत ऑपरेशनच्या टेबलावर आणि हे बाहेर आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर. शेवटी लग्नाचा दाखला आणि नोटरीचं ॲफिडेव्हिट, २५० रुपये, यावर भागलं. मंजुरी येईपर्यंतच्या तपासण्या, रक्त आणि बाहेरून आणलेली औषधं धरून १४,३०० रुपये आमच्या खिशातून गेले. तुमच्या घरात कुणाला असा जुनाट आजार असेल तर नावं आजच जुळवून घ्या. नाडकचेरीच्या (दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीच्या) रांगेत बसायला धडधाकट माणूस लागतो.

७ सप्टेंबरला घरी आले. गावात दहीहंडीची गडबड चालली होती. सोबत दोन चकत्या, तीन पिशव्या आणि इंग्रजी डिस्चार्ज कार्ड. भाच्यानं वाचून दाखवलं: दोन महिने जड उचलू नका, हलकं खा, पातळ पदार्थ भरपूर घ्या. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावर यायचंय.

माझी पिशवी दोन भागांची आहे. एक चकती, तिला फ्लँज म्हणतात, कातडीला चिकटते आणि तीन-चार दिवस राहते. तिच्यावर पिशवी डब्याच्या झाकणासारखी बसते. चकतीच्या मध्ये स्टोमाच्या मापाचं भोक आपण कापायचं. दवाखान्यात नर्सनं बेचाळीस मिलिमीटरचं वर्तुळ आखून दिलं होतं. मी आपली त्यावर कात्री चालवत राहिले.

१२ तारखेच्या सुमारास चकतीखाली खाज सुटली. मग आग. १४ ला चकती काढली तर स्टोमाच्या भोवती लालभडक ओलसर वळं उठलं होतं, भाजल्यासारखं. लहान आतड्यातून जे येतं त्यात पचनाचा रस असतो. अन्न पचवणारा रस कातडीही पचवायला बसतो, त्याला फरक कळत नाही. आत्तींनी मायेनं खोबरेल लावलं. सासूबाईंना मी आत्ती म्हणते, त्या माझ्या सख्ख्या आत्याच आहेत, त्यामुळे नाही म्हणायची सोय नसते. तेलावर चकती चिकटेना. कडेनं गळायला लागलं की ती जागा आणखी सोलायची, सोललेली जागा ओली राहायची, ओल्या जागेवर पुढची चकती टिकायची नाही. चार दिवसांत सहा चकत्या गेल्या. एक चकती ३८० रुपयांना, खानापुरात मिळत नाही, बेळगावच्या सर्जिकलच्या दुकानातून आणायची. १६ च्या रात्री दोन वाजता चादर, परकर, गादी सगळं भरलं तेव्हा मी मोरीत बसून रडले. हे काही बोलले नाहीत. बंबात लाकडं घातली आणि पाणी तापवलं.

१८ ला, हरतालिकेच्या दिवशी, बेळगाव गाठलं. बाजारात गणपतीची गर्दी इतकी की स्टँडवरून रिक्षा पुढेच सरकेना. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना जून २०२३ पासून तिकीट नाही, आधार दाखवलं की झिरो तिकीट हातात देतात, त्यामुळे माझा प्रवास फुकट. यांचं तिकीट तेवढं लागलं. दवाखान्यात स्टोमाचं बघणारी एक वेगळी नर्स असते, हे मला त्या दिवशी कळलं. डिस्चार्जच्या दिवशी ती रजेवर होती.

तिनं चकती काढली, कोमट पाण्यानं पुसलं, आणि खोक्यातून भोकं पाडलेलं एक मापाचं कार्ड काढून स्टोमावर धरलं. एकतीस मिलिमीटर. म्हणजे बेचाळीसच्या भोकात स्टोमाच्या चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर कातडी उघडी, दिवसरात्र त्या रसात. ऑपरेशननंतर स्टोमाला सूज असते आणि ती पहिले सहा ते आठ आठवडे उतरत जाते. दर चकतीला नव्यानं मोजायचं असतं. मापाचं कार्ड चकतीच्या प्रत्येक खोक्यात होतं. मी ते कंपनीची जाहिरात समजून चुलीत घालत होते.

"भोक किती मोठं ठेवायचं?" मी विचारलं.

"दोन-तीन मिलिमीटर जास्त. बस्स."

म्हणजे एक सूत! हे तिनं पहिल्याच दिवशी सुतात सांगितलं असतं तर मी झोपेतही बरोबर कापलं असतं. घरी येऊन मी जुन्या एक्स-रेच्या फिल्मचं पेपर कटिंग केलं. माझा स्टोमा गोल नाही, किंचित लांबट आहे, ते फिल्मवर नेमकं येतं. कार्डावर नुसती गोल भोकं असतात.

सोललेल्या कातडीसाठी तिनं दाखवलेली रीत अशी: कोमट पाण्यानं धुवायचं, साबण-तेल काही नाही. हलक्या हातानं टिपून पूर्ण कोरडं करायचं. ओल्या जखमेवर स्टोमा पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची, वर बॅरियर फिल्मचा, म्हणजे कातडीवर पातळ राखणीचा थर धरणाऱ्या औषधाचा, पुसटसा हात फिरवायचा आणि वाळू द्यायचं. असे दोन-तीन थर. त्यावर चकती, आणि ती लावल्यावर पाच मिनिटं तळहातानं दाबून ऊब द्यायची. कडेला भरायची पेस्ट मिळते, तिच्यात बहुधा अल्कोहोल असतं, उघड्या जखमेवर लावली तर ब्रह्मांड आठवतं. मला तिनं पेस्टऐवजी मऊ रिंग दिली. पावडर ५५० रुपये, रिंग एक २२०. आठ-दहा दिवसांत कातडी भरून आली. बदलायचं काम पहाटे चहाच्या आधी करायचं, तेव्हा स्टोमा निजलेला असतो. खाल्ल्यावर उघडलं तर नळ सुरूच.

गणपती नीट पार पडला असं वाटत होतं, तोवर दुसरं माप अंगावर आलं.

गौरींच्या दिवसांत पिशवी सारखी भरायला लागली. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची असा नियम आहे, नाहीतर वजनानं चकती ओढली जाते. दिवसात सहा वेळा जायचे ती दहा-बारा वेळा जायला लागले. आत नुसतं पाणी. मला वाटलं पाणी जातंय तर पाणी प्यायला हवं. कार्डावर लिहिलंच होतं, पातळ पदार्थ भरपूर. तहानही मरणाची. माठातलं पाणी तांब्यानं प्यायचे, दिवसाला चार-पाच लिटर सहज. जितकं प्यावं तितकं पिशवीत. लघवी मात्र दिवसातून दोनदा, कोऱ्या चहासारखी. पोटऱ्यांत गोळे यायचे. बोटं मुंग्या येऊन वळायची, सुई धरवेना. मेडिकलमधून हे ओआरएस म्हणून रंगीत खोकी घेऊन आले, स्ट्रॉ लावून प्यायची. गोड होती, मी सहा-सात प्याले. त्यानं आणखी वाढलं.

२६ सप्टेंबरला सकाळी उठून उभी राहिले आणि पडले. खानापूरच्या सरकारी दवाखान्यात बीपी ८० वर. तिथं सलाईन लावलं, रक्त घेतलं आणि रेफरल पत्र हातात ठेवून ॲम्ब्युलन्सनं बेळगावला पाठवलं. क्रिएटिनिन ३.४, सोडियम १२६. मूत्रपिंडं रुसली होती. डायलिसिस हा शब्द त्या वॉर्डात मी दोनदा ऐकला, दोन्ही वेळा डोळे मिटून पडून होते आणि डॉक्टरांना वाटलं झोपलेय.

डायलिसिस लागलं नाही. सलाईननं चार दिवसांत क्रिएटिनिन १.३ वर आलं. मॅग्नेशियमही कमी निघालं होतं, बोटं त्यानंच वळत होती. पण मला चक्रावून टाकलं ते दुसऱ्या दिवशीच्या राऊंडला. स्टोमाची नर्स कानडी बोलणारी, मला कामापुरतं कानडी येतं. ती माझ्या उशालगतची पाण्याची बाटली उचलत म्हणाली, "अक्का, नीर जास्ती कुडीब्याड्री." पाणी जास्त पिऊ नका. मला वाटलं माझं कानडी चुकतंय. पाण्याविना मूत्रपिंड सुकलेल्या बाईला पाणी पिऊ नका?

मग डॉक्टरांनी समजावलं. लहान आतड्यातून रोज लिटर-दीड लिटर पातळ माल मोठ्या आतड्यात जातो आणि मोठं आतडं त्यातलं पाणी आणि मीठ शोषून घेतं. ते आतडंच काढून टाकलंय. शोषायचं सगळं काम आता लहान आतड्यावर, आणि ते पाणी शोषतं ते मिठाच्या आधारानं. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात बरोबर असलं की पाणी आत घेतं. नुसतं पाणी ओतलं तर रक्तातलं मीठ आतड्यात उतरतं, आणि मिठाच्या मागोमाग पाणी पिशवीत. म्हणजे मी माठातलं पाणी पीत होते आणि अंगातलं मीठ पिशवीत भरत होते. फार गोड प्यायलं तरी तोच प्रकार, साखर अंगातलं पाणी आतड्यात ओढते. ती रंगीत खोकी म्हणूनच नडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असल्या गोड पेयांवर ओआरएस हे नाव छापायला बंदी घातली. बातमी वाचून मी हातातलं काम खाली ठेवलं आणि यांना हाक मारून मोठ्यानं वाचून दाखवली.

आता माझं ठरलेलं असं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेली पावडरची ओआरएस पाकिटं, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. त्यातलं मोठं पाकीट एक लिटरला, अर्ध्या पाकिटाचा अंदाज बांधायचा नाही. ते घोट घोट दिवसभर. साधं पाणी, चहा, ताक मिळून लिटरभराच्या आत, तेही जेवताना नाही. लोपेरामाइड, म्हणजे आतड्याची चाल मंद करणारी गोळी, जेवणाआधी अर्धा तास, किती ते डॉक्टरांनी ठरवलेलं. आम्ल कमी करायची गोळी सकाळी. पेजेत मीठ चांगलं घालायचं. भाताची पेज आमच्याकडे आजारी माणसाला देतात म्हणून मी तिला नाकं मुरडायचे. पिशवीतला माल घट्ट करायला तिच्यासारखं काही नाही. केळंही चालतं.

आणि मोजायचं. किती गेलं हे मिलिलिटरमध्ये. दवाखान्यात प्लास्टिकचा जग होता. घरी काय? आमच्या घरात दूध मोजायचं अर्ध्या लिटरचं जुनं माप होतं, सासऱ्यांच्या वेळचं, म्हशी होत्या तेव्हाचं. यांनी ते सरळ संडासात नेऊन ठेवलं. आत्तींनी दोन दिवस अबोला धरला. "लक्ष्मीचं माप हाय ते." तिसऱ्या दिवशी त्यांनीच भिंतीला खिळा मारून त्याला जागा केली. तेव्हापासून मापाच्या वहीत, जिथे एका पानावर बायकांच्या छाती-कंबरेची मापं असतात तिथेच, मागच्या पानापासून माझी मापं सुरू झाली. २६ सप्टेंबर, दवाखान्यातलं: २६००. १ ऑक्टोबर, घरी: १४००. दसऱ्याला ८५०. दिवसाला साधारण ५०० ते १००० च्या मध्ये असलं की मी निश्चिंत असते. दीड हजाराच्या वर सलग दोन दिवस गेलं, किंवा लघवी कमी आणि गडद झाली, तर वाट न बघता दवाखाना. त्याला हाय आउटपुट म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, कॅज्युअल्टीत पोचल्यावर तोच आधी सांगा. मला एका ठिकाणी जुलाबाची बाई म्हणून बाकावर बसवून ठेवलं होतं.

या दुसऱ्या वेळी रेफरल पत्र असल्यानं योजनेत बसलं. घरून गेलेले २,१००. पण पिशव्या कुठल्याच योजनेत घरपोच येत नाहीत. महिन्याला चकत्या, पिशव्या, पावडर मिळून तीन ते साडेतीन हजार. कुणी सांगितलं अपंगत्वाचं कार्ड काढा, सवलती मिळतील. तालुक्याला जाऊन चौकशी केली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत स्टोमा नाही. खिडकीवरच्या माणसानं यादी फिरवून माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, तुम्हीच बघा. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्याचा काही दोष नव्हता.

तिसरा फटका दिवाळीचा. पाडव्याला, १४ नोव्हेंबरला, जाऊबाईंनी चिवडा केला होता, खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे सढळ हातानं. अडीच महिने पेज-भातावर काढल्यावर माणूस दोन वाट्या खाणारच. संध्याकाळी सातनंतर पिशवीत काहीच नाही. नऊला कळा, पाच-सात मिनिटांच्या अंतरानं, बाळंतपणासारख्या. स्टोमा सुजून फुगला. अकराला उलटी. दोन वाजता शेजाऱ्यांच्या ओमनीतून बेळगाव. नाकातून नळी, सलाईन, एक्स-रे. स्टोमा पोटाच्या भिंतीतून बाहेर येतो ती वाट अरुंद असते, तिथे न चावलेलं खोबरं बुचासारखं बसलं होतं. सव्वीस तासांनी एकदम सुटलं. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत तर खोबरं, शेंगा, मका, मश्रूम, फणस, संत्र्याच्या साली यांच्या वाटेला जाऊ नये, आणि नंतरही थोडं-थोडं, बत्तीस वेळा चावून. कळा आहेत, उलटी आहे आणि चार-सहा तास पिशवी कोरडी, तर खाणं बंद करून निघायचं. त्या वेळी लोपेरामाइड चुकूनही घ्यायची नाही, पोट साफ व्हायचं औषधही नाही.

एक गोष्ट कुणीच आधी सांगितली नाही. गुदाशय आत ठेवलेला असतो, त्यामुळे तिकडूनही अधूनमधून जावंसं वाटतं. मला डिसेंबरमध्ये पहिल्यांदा वाटलं तेव्हा मी हादरले. बसले तर थोडा पांढरट शेंब पडला. तो अस्तरातून पाझरतोच, रोजचं आहे. रक्त असेल तर सांगायचं.

साडीचं सांगायला हवं. परकराची नाडी नेमकी चकतीच्या कडेवर येते आणि दुपारपर्यंत ती उचकटते. मी आता परकराला नाडीऐवजी चार बोटं रुंद पट्टा लावते, बेंबीच्या वर बांधायचा, आणि उजव्या बाजूला आतून एक खिसा, त्यात पिशवी बसते. वजन खिशावर येतं, कातडीवर नाही. पिशवीला सुती अभ्रे शिवलेत, घामानं प्लास्टिक अंगाला चिकटत नाही. वासाची भीती मला सगळ्यांत जास्त होती. पिशवी नीट बसली असेल तर वास येत नाही, आला तर गळतंय असं समजायचं. आवाजावर मात्र इलाज नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, सगळ्या बायका गप्प उखाण्याची वाट बघत असताना, माझा स्टोमा बोलला. मोठ्यानं. मी मेल्याहून मेले. आत्ती शांतपणे म्हणाल्या, "तिचा उखाणा झाला, आता पुढची घ्या."

बसपेक्षा रेल्वे बरी. संडास असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिरजेला दुसऱ्या सर्जनकडे गेलो तेव्हा खानापुरातूनच गाडी धरली. लहान आतड्याचीच पिशवी आत करून गुदद्वाराला जोडतात, मग बाहेरची पिशवी जाते, हे विचारायचं होतं. त्यांनी वेळ देऊन सांगितलं: आणखी एक-दोन ऑपरेशनं, आणि नंतरही दिवसाला पाच-सहा वेळा जावं लागेल. परतताना आम्ही दोघं घटप्रभा येईपर्यंत बोललो नाही. मग मी म्हटलं, आत्ता नको. हे म्हणाले, "बरं वाटलं."

एप्रिलमध्ये स्टोमाशेजारी फुगवटा दिसायला लागला. पायमशीन चालवताना पोटावर जोर येतो, त्यात मी कापडाचे गठ्ठेही उचलायला लागले होते. हर्निया. तेव्हा कोल्हापुरात ऑपरेशन करावं असं घरात निघालं. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आहे, आमचं गाव त्या यादीत आहे. यांनी हौसेनं फाईल केली, दाखले, झेरॉक्स, फोटो. इकडची फाईल कानडीत, तिकडची मराठीत, दोन्हीकडे टेबलावर बसतो तो आरोग्यमित्रच. पण माझ्या सर्जननी ऑपरेशनच नको म्हटलं. हा हर्निया शिवला तरी पुन्हा होतो, दुखत नसेल आणि अडत नसेल तर पट्टा बांधा. चकतीसाठी मध्ये भोक असलेला पट्टा १,८०० ला मिळतो. मी एक विकत आणला, उसवून बघितला आणि दुसरा घरी शिवला. मशीनला साडेतीन हजारांची मोटर बसवली. कोल्हापूरची फाईल कपाटात आहे.

गुदाशय राहिलाय तोवर त्यात आजार परतू शकतो, आणि वर्षं जातील तशी कॅन्सरची शक्यताही, म्हणून मला वर्षातून एकदा दुर्बिणीची तपासणी सांगितली आहे. यंदाची तारीख फेब्रुवारीतली आहे. प्रवासाच्या पिशवीत काय-काय भरायचं ते दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलंय: दोन चकत्या कापलेल्या, तीन पिशव्या, मऊ कापड, पाण्याची छोटी बाटली, काळी कॅरीबॅग, एक परकर, ओआरएसची दोन पाकिटं, रेशनकार्ड, आधार, झेरॉक्स पाच. सकाळची सातची बस. आत्ती या वेळी बरोबर येते म्हणतायत, त्यांनाही झिरो तिकीट आहे.